माळावर रोवलेल्या काठ्या

फुकट काम करतो म्हणणाऱ्या माणसाची मला पहिल्यापासून धास्ती वाटते. मजुरी मागणाऱ्याचं काय ते समजतं. तो घासाघीस करतो, कुरकुरतो, घेतो आणि जातो. ज्याला काहीच नको असतं, तो नेमकं काय घेऊन गेला हे तो गेल्यावरच कळतं. म्हणून शाळेतल्या टीचर आमच्या बाहेरच्या सोप्यात बसून "आक्का, मुलं तुमच्या माळावरचं गवत कापून देतील, गवत तुमचंच, आम्हाला काही नको" असं म्हणाल्या, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या नादात मी चहात साखर घालायची विसरले. त्यांनी तो चहा तसाच पिऊन "छान झालाय" म्हटलं. तिथंच माझा संशय पक्का झाला.

आमचं गाव निपाणीजवळ, तवंदी घाटाच्या अलीकडं. खालच्या काळ्या रानात तंबाखू आणि वर माळ. माळावर उभं राहिलं की हायवेवरच्या ट्रकांचा आवाज दिवसभर येत राहतो. माळ म्हणजे काय, तर मुरूम, खडकाचे सपाट तुकडे आणि गवत. तो माझ्या सासऱ्यांच्या नावावर होता. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, मीही आप्पाच म्हणायची. वय ऐंशीच्या पुढं गेलेलं, कान तल्लख, गुडघे कामातून गेलेले.

आम्ही जैन. आप्पांनी तरुणपणी एक नेम धरला होता आणि तो घरावर लादला होता: चातुर्मासात माळावर विळा न्यायचा नाही आणि गवतात पाय घालायचा नाही. पावसाच्या दिवसांत गवताच्या बुडाशी जीव असतात, अंडी असतात, ती पायाखाली येतात. जायचंच असेल तर खडकाखडकावरून जा, पायवाटेनं जा. आजूबाजूचे लोक श्रावणापासून हिरवं गवत कापून जनावरांना घालायचे आणि आमच्या म्हशी कोरडी वैरण चघळत माळाकडं बघत उभ्या राहायच्या. मी सून म्हणून आले तेव्हा हे मला खुळचटपणाचं वाटलं होतं. माझ्या माहेरी, चिकोडीकडं, असला नेम कुणी पाळत नव्हतं.

पण त्या नेमामुळं आमच्या माळावर जेवढी फुलं यायची तेवढी पंचक्रोशीत कुठं येत नव्हती. तेरडा, सोनकी, कवळा, खडकाच्या ओलीत सीतेची आसवं. बी धरून, पिकून, गळून गेल्यावरच आमचा विळा चालायचा, म्हणून दरवर्षी ती परत यायची. अर्थात हे मला टीचरांनी सांगितलं. तोवर मी तिकडं त्या नजरेनं बघितलंच नव्हतं. गवतातली फुलं म्हणजे माझ्या लेखी गवतच.

अलीकडं मात्र गवत कापायला बाया मिळेनाशा झाल्या होत्या. पूर्वी अर्ध्या वाट्यानं कापून न्यायच्या. आता घरात सावलीला बसून विड्या वळणं बरं, नाहीतर पहाटे कागलच्या बाजूला कारखान्याची बस धरणं बरं. त्यांचं काय चुकलं म्हणा, त्या कुसळांत कोण जाईल? लागोपाठ दोन वर्षं गवत उभंच वाळलं, कुजलं, आडवं पडलं. त्याखाली नवं काही उगवायला जागाच राहिली नाही. मधेच कुणीतरी विडीचं थोटूक टाकलं आणि एक कोपरा जळाला. आप्पा सोप्यातून त्या काळ्या डागाकडं बघत बसायचे.

माळावर डोळा ठेवणारे कमी नव्हते. सोलरवाले येऊन गेले, पवनचक्कीवाले येऊन गेले, प्लॉट पाडणारे तर गॉगल लावून आले होते. आप्पांचं सगळ्यांना एकच उत्तर: "मी गेल्यावर काय करायचं ते करा. पर मी बघत असताना माळाला हात लावू नका." लोक हसत उठायचे आणि जाताना माझ्या मालकांशी, म्हणजे आप्पांच्या मुलाशी, फाटकापाशी दोन शब्द बोलायचे.

मलाही तो माळ हवा होता. सरळ सांगते. लग्न होऊन आले तेव्हा या घरात माणसं चिक्कार आणि एकटीनं बसायला जागा नाही. माळावरचा एक बसका खडक एवढीच माझी हक्काची जागा होती. तिथं मी रडलेय, तिथं बसून माहेरच्या दिशेनं शिव्याही दिल्यात. मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा बंगळूरला गेला, तेव्हाही मी तिथंच जाऊन बसले. तो माळ उकरला गेला तर मी जाऊन बसणार कुठं?

तर टीचर. त्या आमच्या मराठी शाळेत कन्नड शिकवायच्या. धारवाडकडच्या, वय असेल तिशीचं. मराठी बोलायच्या पण पुस्तकातून वाचल्यासारखी. गावात आधीच त्यांच्यावर बारीक नजर होती. कन्नडच्या टीचर, बदली होऊन आलेल्या, आणि शाळेत शिकवायचं सोडून पोरांना माळावर पालथं झोपवून फुलं दाखवतात, म्हणजे यात काहीतरी काळंबेरं असणारच, असं हॉटेलात बसणाऱ्या सगळ्यांचं मत. मी हॉटेलात बसत नाही, पण माझं मत तेच होतं.

आप्पांनी त्यांना एवढंच विचारलं, "कापणार कवा?"

"कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर," टीचर म्हणाल्या. "तुमचा नियम मुलांनी सांगितला मला. तोच नियम बरोबर आहे."

आप्पांनी 'चालेल' अशी मान हलवली. मी आमच्या मालकांकडं बघितलं. आता हे कायतरी फाटे फोडणार, म्हटलं. आमच्या मालकांना कुणी पाणी हवं का विचारलं तरी ते आधी "बघू" म्हणतात. त्या दिवशी मात्र लगेच म्हणाले, "करू द्यात की. शाळंची पोरं हायत. आपलं काय जातंय?"

मला त्याचं नवल वाटलं, पण माझं सगळं लक्ष टीचरांच्या पर्सकडं होतं. तिच्यातून एक मोजपट्टी डोकावत होती.

भादव्यापासून दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोरं माळावर यायला लागली. मीही जायला लागले. छत्री घ्यायची, पाण्याची बाटली घ्यायची आणि माझ्या खडकावर बसायचं. टीचर लांबून हात करायच्या, मी छत्री किंचित हलवायची. पोरं नेम पाळत होती हे मला कबूल करावं लागेल. खडकाखडकावरून उड्या मारत जायची, गवतात पाय घालायची नाहीत. एखाद्याचा तोल गेला तर बाकीची ओरडायची, "ए, आप्पा बघत्यात!" आप्पा खाली सोप्यात असायचे, त्यांना एवढ्या लांबून पोरांचे पाय कसले दिसतायत. तरी पोरं घाबरायची. मला ते आवडलं, पण आवडलं म्हणून मी जागची हलले नाही.

एक गोष्ट टीचरांना ठाऊक नव्हती. माझ्या माहेरी चुलीपुढं कन्नडच चालायचं. त्यामुळं त्या फोनवर बोलायला लागल्या की मी छत्रीआड कान टवकारून बसायची. एकदा त्या कुणालातरी सांगत होत्या की खुणा आता करून घेऊ, सुट्टी आणि सण संपले की सगळं मोकळं करू, मग नीट फोटो पाठवते. खुणा! मोकळं! फोटो! घरी येऊन मी मालकांना शब्दनशब्द सांगितला.

आमच्या पस्तीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही संशयाला मालकांनी कधी धूप घातला नव्हता. "तुला दोरीत साप दिसतोय," हे ठरलेलं उत्तर. त्या दिवशी मात्र ते जेवता जेवता थांबले. म्हणाले, "तुझं बरोबर हाय. ध्यान ठेव त्या बाईवर. मला बी कायतरी येगळंच वाटाय लागलंय."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी का होईना, नवऱ्याला आपलं डोकं चालतं हे पटलं. त्या रात्री मी त्यांच्या ताटात दुसऱ्यांदा तूप वाढलं.

खुणा म्हणजे काय ते पुढच्याच शनिवारी दिसलं. पोरांनी घरातल्या सरपणातून मागल्या वर्षीची तंबाखूची वाळकी धाटं आणली होती. निम्म्या पोरांच्या आया विड्या वळतात, त्यामुळं विडीला बांधायचा लाल दोरा घरोघरी. त्या दोऱ्यानं धाटाच्या शेंड्याला चिंधी बांधायची आणि खडकावर उभं राहून, हात लांबवून, ती काठी गवतात रोवायची. काही फुलं उशिरा येतात, त्यांचं बी कार्तिकातही पिकलेलं नसतं. कापायच्या दिवशी विळा तेवढी जागा सोडून जावा म्हणून त्या काठ्या. हे टीचरांनी मला खडकापाशी येऊन समजावून सांगितलं. मी "व्हय का?" म्हटलं.

आता आमच्या भागातल्या माणसाला जमिनीत रोवलेली काठी दाखवून ती फुलासाठी आहे असं सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगण्यासारखं आहे. आम्ही काठ्या बघतच मोठे झालो. रस्ता रुंद करायचा असला की काठ्या येतात. कालवा यायचा असला की येतात. एकानं आपल्या बांधावर चिंधीची काठी रोवली की दुसऱ्या दिवशी दोन भाऊ कोर्टात जातात. इथं तर दोन राज्यांची हद्द कुठून जावी यावर आमचे वाडवडील भांडत आलेत. काठी दिसली की आम्हाला फूल आठवत नाही.

गावात बोभाटा झालाच. दूध घालायला गेले तर डेअरीपाशी एक म्हातारा मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "पयली काठी रोवत्यात, मग दगड, मग तार. आन् मग उताऱ्यावर शाळंचं नाव. सरकारी शाळा, कोण भांडणार?"

हे आप्पांच्याही कानावर गेलं. त्यांनी मला जवळ बोलावलं. "काठ्या तू बघितल्यास?"

"बघितल्या आप्पा. पोरं म्हणत्यात फुलांसाठी हायत."

"आन् तुला काय वाटतंय?"

मी खरं तेच सांगितलं. "मला त्या बाईचा भरवसा वाटत न्हाय."

आप्पांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "पौर्णिमा होऊ दे. मी येतो वर." गुडघ्यांचं काय, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी तो विषय काढला नाही. त्यांना त्या वयात माळ जाताना बघायला लागू नये, एवढंच मला वाटत होतं. त्यांच्या आयुष्यात त्यांनी स्वतः ठरवून केलेली अशी ती एकच गोष्ट होती. तंबाखू तर बापानं लावली म्हणून त्यांनी लावली.

दसरा झाला, दिवाळी झाली, देवळात महावीरांच्या निर्वाणाचा लाडू चढवून झाला. गवत सोन्यासारखं पिवळं पडलं आणि वाऱ्यानं एका अंगाला झुकायला लागलं. खडकावर बसून बघितलं की गवतातून लाल शेंडे वर आलेले दिसायचे. दसऱ्याच्या सुट्टीत मी माहेरी जाऊन आले होते आणि परत आल्यावर ते मला जास्त वाटायला लागले. आधी नव्हते तिथंही दिसायचे, एका ओळीत. आत जाऊन बघावं तर नेम आडवा. मी चडफडत बसायची आणि मालकांना सांगायची, "वाढाय लागल्यात काठ्या." ते म्हणायचे, "बघ, मी म्हटलं न्हवतं?" नोव्हेंबर महिना, एक तारखेला कुणाचा राज्योत्सव तर कुणाचा काळा दिवस, सीमाभागात तसाही एकमेकांकडं तिरक्या डोळ्यानं बघायचाच असतो. त्यात माझी आणखी भर.

पौर्णिमा झाली आणि पुढच्या शनिवारी कापणी निघाली. आप्पा काठी टेकत, चार ठिकाणी बसत, वर आले. मी त्यांना माझ्या खडकावर बसवलं आणि वर छत्री धरली. मालक म्हणाले होते, निपाणीला बाजारात काम आहे, आणि सकाळीच गाडी काढून गेले होते.

मोठ्या वर्गातल्या पोरांच्या हातात विळे होते, लहानांच्या हातात नुसत्या काठ्या. टीचरांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. बुडापासून चार बोटं सोडून कापायचं, खरवडायचं नाही. कापलेलं लगेच उचलायचं नाही, तिथंच पसरून ठेवायचं. लहान पोरांनी ते उलटंपालटं करून झाडायचं, म्हणजे अडकलेलं बी तिथल्या तिथं पडतं. वाळलं की पेंढ्या बांधायच्या. आप्पा ऐकत होते. मी काही ऐकत नव्हते, मी लाल शेंडे बघत होते.

गवत आडवं पडायला लागलं तसा माळ उघडा व्हायला लागला. आणि माझ्यापासून वीस हातांवर, पोरांच्या विळ्याखाली गवत बाजूला झालं आणि एक लाल शेंडा पूर्ण उघडा पडला. त्याला चिंधी नव्हती. ते धाटही नव्हतं. लोखंडाची सळई होती, शेंड्याला लाल ऑइलपेंट लावलेली, बुडाशी चुन्याचा गोल.

मी छत्री आप्पांच्या हातात दिली आणि ताडताड तिथं गेले. आता आत जायला नेमाची आडकाठी नव्हती. इतके महिने साठवलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. "टीचर! ही पण फुलांचीच काय? लोखंडाची फुलं लावाय लागलाय व्हय माळावर?"

टीचर धावत आल्या. सळईकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आक्का, मला वाटलं ही तुमच्या घरच्यांनी लावली. हद्दीची असेल म्हणून आम्ही हात नाही लावला."

"आमच्या घरच्यांनी कशाला लावावी? आमची हद्द आम्हाला ठाऊक न्हाय?"

"मग कुणी लावली?" त्यांनी विचारलं. मी तर तेच विचारणार होते.

त्यांच्या मागं सहावीतली एक पोरगी उभी होती, आमच्याच गल्लीतली, आई विड्या वळते तिची. तिच्या केसांत कुसळं अडकलेली. तिला राग आला होता. आपल्या काठ्यांवर कुणीतरी आळ घेतंय, हे तिला सहन झालं नाही.

"काकी, ह्या आमच्या न्हाईत. आमच्या सगळ्या धाटाच्या हायत, दोरा बघा की. ह्या त्या मुरूमवाल्या मामांनी रोवल्यात. हिकडं हायत, तिकडं बी हायत, ओळीनं."

"कुठलं मुरूमवालं मामा?"

"गाडीतनं आलतं ते. हायवेला मुरूम लागतोय म्हणत हुतं." आणि मग अगदी सहज, शाळेत उत्तर द्यावं तसं, तिनं सांगितलं, "काका हुतंच की संगं. काकाच दाखवत हुतं, हितनं हितवर म्हणून."

"कुठलं काका?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. मला एवढंही कसं कळत नाही, असं तिला वाटलं असणार. "तुमच्या घरातलं काका."

माळावर वारा होता, हायवेवर ट्रक चालले होते. पोरं कापायची थांबली नव्हती. मला मात्र काही ऐकू येईना. मी मागं वळून बघितलं. आप्पांच्या हातात छत्री होती आणि ती एका बाजूला कलली होती. कान तल्लख, हे मी आधी सांगितलंच आहे.

त्यांनी पोरीला हातानं जवळ बोलावलं. ती गेली. त्यांनी तिला एकच विचारलं, "कवा रोवल्या गं बाळ?"

"दसऱ्याच्या सुट्टीत, आप्पा."

"गवतातनं चालत गेलते?"

"व्हय. आम्ही वरडलो, आप्पा बघत्यात म्हणून. काका हसलं."

दसऱ्याच्या सुट्टीत म्हणजे ऐन चातुर्मासात. आप्पांनी डोळे मिटले. मुरूमाचं त्यांनी काही विचारलं नाही. सौदा कधी ठरला, किती खोल खणणार, काहीच नाही. त्यांचा मुलगा, लहानपणी त्यांचंच बोट धरून खडकाखडकावरून उड्या मारत गेलेला, गवत तुडवत गेला होता आणि हसला होता. मला त्या क्षणी माझ्या नवऱ्याची इतकी चीड आली की तो समोर असता तर मी काय केलं असतं ठाऊक नाही.

आप्पा उठले. जवळच्या सळईपाशी जाऊन त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. ती हलली नाही. त्यांनी परत ओढली. मग ती पोरगी आली, तिच्या मागनं आणखी दोघं-तिघं आले, आणि सगळ्यांनी मिळून ती उपटली. मग काय, पोरांना खेळच मिळाला. सगळा माळ पालथा घालून त्यांनी मुळे उपटावेत तशा सळया उपटल्या आणि माझ्यापुढं आणून टाकल्या. टीचर लांब उभ्या होत्या. त्यांनी पोरांना अडवलं नाही आणि मला काही विचारलंही नाही. मीही त्यांची माफी वगैरे मागितली नाही. मी फक्त घरून आणलेली चिक्की त्यांच्या हातात दिली आणि पोरांना वाटा म्हटलं.

तिन्हीसांजेला मालक आले तेव्हा मी सोप्यात बसले होते आणि सळयांची मोळी उंबऱ्यापाशी आडवी पडली होती. त्यांनी चप्पल काढली, मोळीकडं बघितलं आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणाले, "शाळंच्या सळया कशाला आणल्यास घरात? त्या बाईला दे की परत."

हे मला सगळ्यात लागलं. मुरूम विकायला काढला, ते एकवेळ समजू शकते. तंबाखूचं काही खरं राहिलेलं नाही, मुलगा परत येणार नाही, गवताकडं बघून पोट भरत नाही. हे सगळं ते नंतर बोलले आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण त्यांनी माझा संशय वापरला. आयुष्यभर ज्याला हसले तोच स्वभाव त्यांनी कामाला जुंपला आणि मला त्या बाईकडं तोंड करून खडकावर बसवून ठेवलं, म्हणजे मी दुसरीकडं बघणार नाही. आणि मी त्यांना तूप वाढलं!

मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून आप्पांचा आवाज आला. "उद्या माळावर ये. इळा घिऊन ये."

मालक मोळी ओलांडून आत गेले. सकाळी माळावर गेले मात्र. रविवार असूनही पोरं गवत झाडायला आली होती, त्यांच्या रांगेत शेवटी ते बसले आणि कापायला लागले. हात अजून चांगला चालत होता. चार बोटं सोडून, बरोबर. धाटाची काठी आली की तिला वळसा घालून. आप्पा खडकावर बसून त्यांच्या हाताकडं बघत होते, दिवसभर. मुरूमवाल्याची गाडी त्यानंतर आली नाही, कारण सही आप्पांची लागणार होती.

आप्पा पुढच्या उन्हाळ्यात गेले. जायच्या आधी त्यांनी कुणाकडून काही वचन घेतलं नाही. मला वाटत होतं घ्यावं, पण मुलाकडून वचन मागणं त्यांना जड गेलं असणार. आता उताऱ्यावर मालकांचं नाव आहे. सही त्यांचीच पुरते.

त्या पावसाळ्यात माळावर फुलं आली. जळालेल्या कोपऱ्यात सुद्धा सोनकी आली. टीचर मला हात धरून दाखवायला घेऊन गेल्या, खडकाखडकावरून. त्यांना अजून काही नकोच आहे. त्यांचा माझा आता बरा घरोबा आहे, तरी त्यांची पर्स उघडी दिसली की माझी नजर तिच्यात जाते.

यंदा पौर्णिमा झाल्यावर, कापणीच्या दिवशी सकाळी मालक माझ्या आधी उठले होते. विळा घासून ठेवला होता. डोक्याला टॉवेल गुंडाळून ते म्हणाले, "आज मी जातो पोरांसंगं. समदं गवत मीच कापून घेतो. तू कशाला उन्हात येतीस? घरी थांब. मला काय सुदीक नको, नुसता चहा कर."

किती वर्षांत ते माझ्याशी इतकं गोड बोलले नव्हते. मी चहा केला, साखर आठवणीनं घातली. त्यांनी तो पिऊन "छान झालाय" म्हटलं आणि वाटेला लागले.

मी त्यांच्या मागोमाग छत्री घेऊन बाहेर पडले.